गोगलगायफोड्या

पाय आधी चिखलात जातो, मग गुडघाभर पाण्यात, मग पुन्हा चिखलात. एकाच खोडातून कोरलेल्या होडीतून तुम्हाला उतरवून वल्हेकरी परत फिरलासुद्धा. साल 1834, महिना ऑगस्ट. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आलात म्हणजे इथं आता हिवाळा. पण मॅडागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर पाऊस ऋतू बघून येत नाही, सकाळपासून दोन सरी होऊन गेल्यात. मागे वळून पाहा: करड्या पाण्यापलीकडे मुख्य भूमीची रेघ दिसतेय आणि मधेच समुद्रातून वाफेचा फवारा उडतोय. हंपबॅक देवमासे आहेत ते. दक्षिणेच्या थंड पाण्यातून दरवर्षी याच दिवसांत ते या सामुद्रधुनीत पिल्लं द्यायला येतात. थोडा वेळ बघा हवं तर. आपलं काम मात्र जमिनीवर आहे, तेही सावलीत.

बेटाचं नाव सँत-मारी. इथले बेत्सिमिसारक लोक त्याला नोसी बोराहा म्हणतात. लांबीला पन्नासेक किलोमीटर, रुंदीला दहाही नाही. इतिहास मात्र अंगापेक्षा मोठा. समुद्री चाच्यांचा हा आवडता तळ होता. कोचीनजवळ ‘केदाह मर्चंट’ हे सुरतेकडे निघालेलं जहाज लुटून कॅप्टन किड 1698 मध्ये इथंच आला आणि आपलं गळकं जहाज इथं टाकून त्या लुटीच्या जहाजावर चढला. 1750 मध्ये बेती नावाच्या राजकन्येनं बेट फ्रेंचांना देऊन टाकलं. ते त्यांना धड सांभाळता आलं नाही. 1821 मध्ये फ्रेंच पुन्हा आले, मोठ्या वसाहतीचे बेत घेऊन, आणि त्यातले कितीतरी जण तापानं गेले. ताप दलदलीच्या कुबट हवेतून येतो असं इथल्या डॉक्टरांचं ठाम मत आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. डासाचा आणि हिवतापाचा संबंध रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडायला अजून 63 वर्षं आहेत. तुम्ही आपले बाह्या खाली करा आणि चला.

वाट गावाच्या कडेनं जाते. केळी, भाताची खाचरं, वाळत टाकलेले रॅफियाचे धागे. तुम्हाला पाहून पोरं ‘वाझाहा, वाझाहा’ ओरडत मागे लागतात. परका माणूस आला, की हाच पुकारा. पुढे एका उतारावर रांगेत लावलेली कोवळी रोपं दिसतात. पान चुरगाळून वास घ्या: लवंग. काही वर्षांपूर्वीच आलीय ती इथं. पुढं हेच बेट लवंगेवर जगणार आहे. त्याच्या वर काळाभोर डाग: झाडं तोडून, जाळून, राखेत भात पेरलेला. आपल्या कोकणात या शेतीला कुमरी म्हणतात, इथं तावी. तीन-चार पिकं निघाली की माणूस पुढच्या उताराकडे वळतो. ज्या काठावर तुम्ही उभे आहात तिथं अर्धवट जळालेले ओंडके अजून आडवे पडलेत. दोन पावलं पुढं गेलात, की जंगल सुरू.

आत शिरताना पंख्यासारखी पानं पसरलेली रवेनालाची झाडं लागतात. आपल्याकडे बंगल्यांच्या बागेत शोभेला लावतात तीच, पण इथं ती आपल्या घरी आहेत. मग केवड्याच्या जातीतली उंच काटेरी झाडं येतात. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत एक मोठं ऑर्किड मुळं रोवून बसलंय, त्याला अजून कोणा शास्त्रज्ञानं नाव दिलेलं नाही. उजेड हिरवा होत होत काळा होतो. पायाखाली भिजलेला पाचोळा, मुळं आणि मुळांच्या मधून डोकावणारे खडक. मोज्यांवर जळवा चढतील, त्या काढत चला. एक दिलासा: माणसाला जीवघेणा ठरेल असा साप या देशात नाही. पाय कुठंही टाका.

आणि आता या सहलीचा एक नियम. मला वाटेल ते मी तुम्हाला दाखवू शकत नाही. ज्या पक्ष्यासाठी आपण आलो, त्याच्याबद्दल ज्यांनी तो पाहिला, मारला, सोलला, त्यांनी जेवढं मागं ठेवलं तेवढंच तुमच्या वाट्याला येईल. रंग आणि मापं संग्रहालयांतल्या कातड्यांवरून. जेवणाची तऱ्हा 1841 मध्ये आकरमान या फ्रेंच गृहस्थानं छापलेल्या टिपणावरून. चाल आणि सवयी मी या पक्ष्याच्या हयात भावंडांकडून उसन्या घेणार आहे, आणि घेतल्या की तसं सांगेन. जिथं कोणी काहीच लिहिलं नाही, तिथं हे जंगल बंद पडेल. ऑगस्ट महिनाही मीच ठरवलाय, देवमाशांच्या लोभानं. वर्ष तेवढं नोंदीतलं.

बसा त्या मुळावर. हलू नका.

पहिल्यांदा पक्षी दिसतच नाही, आवाज येतो. टक्. थोडं थांबून टक्, टक्. सुतारपक्ष्याचा नव्हे, कारण मॅडागास्करात सुतारपक्षीच नाहीत. आणि हा लाकडाचा आवाजही नाही. कडक, पोकळ, दगडावर काहीतरी आपटल्याचा. डावीकडच्या खडकाकडे बघा.

तोच तो. कुआ. शास्त्रीय नावात दलालांद यांचं नाव लागलेला कुआ. पिएर अँतोआन दलालांद पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्राणी-पक्षी गोळा करायचे. 1823 मध्ये ते वारले, आणि चार वर्षांनी डच पक्षीशास्त्रज्ञ टेमिंक यांनी या पक्ष्याचं वर्णन छापताना त्यांचं नाव त्याला दिलं. इथल्या लोकांना या भानगडीशी देणंघेणं नाही. ते याला फामाकी अकोरा म्हणतात: गोगलगायफोड्या.

आधी आकार डोळ्यांत भरू द्या. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत 57 सेंटिमीटरच्या आसपास. तुमच्या परसात फिरणारा भारद्वाज आठवा. तो याच्या नात्यातला, कोकिळांच्याच कुळातला, आणि हा त्याच्याहून ओंजळभर मोठा. पण भारद्वाजाचा तो काळा-तांबूस भारदस्त कोट इथं नाही. याची पाठ आणि पंख गडद निळे, उजेड पडेल तशी त्यावर हिरवट झाक फिरते. डोक्यावर निळा रंग जांभळ्याकडे झुकलेला. गळा आणि छाती स्वच्छ पांढरी, आणि त्याखाली पोट एकदम विटकरी. वरचा पांढरा आणि खालचा विटकरी जिथं भेटतात तिथं मधे तडजोडीचा रंग नाही. लांब शेपूट निळी, चकाकती, बाहेरच्या पिसांची टोकं पांढरी. चोच काळी, जाड.

डोळ्याभोवती पिसं नाहीत, उघडी कातडी आहे. आज जिवंत असलेल्या कुआंमध्ये ती निळी असते, चित्रकारांनी यालाही निळी दिली आहे. मेलेल्या पक्ष्याच्या उघड्या कातडीचा रंग काही काळात उडतो, कपाटातल्या कातड्याला विचारून उपयोग नसतो. तरी तुम्ही खुशाल निळी बघा. या एका रंगावर मी चित्रकारांच्या बाजूनं आहे.

पाय पाहिलेत? लांब, मजबूत. दोन बोटं पुढे, दोन मागे, सगळ्या कोकिळकुळाची असतात तशी. ही बोटं फांदी पकडायला चांगली, पण हा गडी त्यांच्यावर चालतोय. कुआंची चाल बघण्यासारखी असते (ही उसनवारी सुरू): चार पावलं टाकायची, थांबायचं, शेपूट वर-खाली झटकायची, मान वळवून पाचोळ्यात बघायचं. दचकले तर आधी पळतात, उडणं हा शेवटचा उपाय. उडाले तरी लांब जात नाहीत, जवळच्या फांदीवर चढून उड्या मारत वर जातात. पाऊस थांबून ऊन आलं, की पंख सैल सोडून, पाठीची पिसं पिंजारून उन्हाकडे पाठ करून बसतात. उसनवारी संपली.

आता खडकावर परत. त्याच्या चोचीत जमिनीवरची मोठी गोगलगाय आहे, शंख तुमच्या मुठीत जेमतेम मावेल एवढा. शंखाच्या तोंडाची कड चोचीत धरून त्यानं मान मागे घेतली आणि शंख दगडावर आणला. टक्. घसरला. पुन्हा पकड बदलून, टक्. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला वळणाजवळ तडा जातो. मग घाई नाही. फुटलेल्या भागात चोच घालून एक एक कपची काढायची, आतलं मऊ अंग बाहेर ओढायचं, एक झटका, आणि गेलं घशात. चिकट चोच तो खडकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी पुसतो. खडकाच्या बुडाशी जुन्या शंखांच्या फुटक्या कडा पडल्यात, काही पांढऱ्या पडलेल्या, काही अजून तपकिरी. जागा रोजची दिसते.

आकरमानच्या फ्रेंच वाचकांना याचं फार नवल वाटलं नसेल. त्यांच्याकडचा गाणारा कस्तूर अंगणातल्या गोगलगाई अशाच दगडावर आपटून खातो. पण कोकिळांच्या जगात हा धंदा दुर्मीळ. आपला भारद्वाजही गोगलगाय खातो, अगदी ती आफ्रिकी मोठी गोगलगायसुद्धा, जिनं अलीकडे लातूर-बीडकडच्या सोयाबीनच्या रोपांचा फडशा पाडला. तीही हिंदी महासागरातल्या या बेटांवरूनच आपल्याकडे आली: बेन्सन नावाच्या ब्रिटिश शंखशास्त्रज्ञानं 1847 मध्ये मॉरिशसहून काही जिवंत गोगलगाई हौसेनं कोलकात्यात आणल्या आणि त्या तिथल्या बागेत सुटल्या. पण भारद्वाजाला सरडे, उंदीर, पिल्लं, अंडी सगळं चालतं. या निळ्या गड्याची चोच आणि वेळ मात्र मुख्यतः शंखांवर खर्च होते.

तो आता वर बघतोय. चोच उघडतोय.

आणि आवाज नाही. हा बंद पडलेला भाग. या पक्ष्याची हाक कोणीही लिहून ठेवली नाही. फ्रेंच अधिकारी होते, डॉक्टर होते, कातडी विकत घेणारे होते; त्यांच्यातल्या एकानंही दोन अक्षरांत ती कागदावर उतरवली नाही. घरटं कुठं बांधतो, अंडी किती, पिल्लं कशी, यावरही एक ओळ नाही. कुआ दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकत नाहीत, स्वतःचं घरटं बांधून स्वतः पिल्लं वाढवतात. म्हणजे या जंगलात कुठंतरी काटक्यांचं एक घरटं असलंच पाहिजे, पण मी तुम्हाला तिथं नेऊ शकत नाही. हाक बनवून ऐकवणं मला काही अवघड नाही. भावंडांच्या हाकेवरून एखादी खर्जातली ओरड सहज तयार करता येईल आणि तुम्हाला खरीही वाटेल. म्हणूनच नको.

पाठीमागून पानं हलतात. रॅफियाचं कापड गुंडाळलेला एक माणूस वाकून येतोय, हातात दोरीचा फास. त्यानं तुम्हाला पाहिलंय, पण त्याला तुमचं काही पडलेलं नाही. तो खडकापाशी जातो, पक्षी कधीच पाचोळ्यात पळालाय. माणूस फुटक्या शंखांचा ढीग बघतो, वाट कुठून येते ते बघतो, आणि दोन मुळांच्या मधे, जिथून पक्ष्याला जावंच लागेल तिथं, फास मांडतो. काम सफाईचं. निळ्या पिसांना इथं मान आहे, आणि कातड्याला बंदरावर गिऱ्हाईक. त्याच्या दृष्टीनं हा पक्षी नेहमीचाच आहे. त्याच्या बापानं धरला, तो धरतोय. बेट एवढंसं आहे आणि पलीकडे दुसरं जंगल नाही, हा विचार करायला त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि वरच्या जळक्या उतारावर भात पेरणाऱ्यालाही नाही. बंदरात दीडशे वर्षं जहाजं लागतायत, त्यांच्या दोरांवरून उतरलेले उंदीर तर कोणाला विचारतही नाहीत.

संध्याकाळी बंदराकडे चला. एका लाकडी खोलीत दिवा लागलाय. टेबलापाशी बसलाय तो बर्निए, फ्रेंच नौदलाचा शल्यवैद्य. मन सगळं झाडपाल्यात. मॅडागास्करच्या वनस्पती जमवून युरोपात धाडणाऱ्यांत त्याचं नाव मोठं आहे. आज टेबलावर पानं दाबलेले कागद बाजूला सारलेत आणि तिथं तो पक्षी पडलाय. पंख मिटलेले, शेपूट टेबलाच्या कडेबाहेर.

जवळ उभे राहा, हात लावू नका. पोटावर एक सरळ छेद. कातडी बोटांनी सोडवत, मधूनमधून भुसा टाकत, पाठीपर्यंत. मांडीचं हाड गुडघ्यात कापायचं, पंखाचं खांद्यात. कातडी मोज्यासारखी उलटी करत कवटीपर्यंत आणायची, मेंदू मागून काढायचा, डोळे काढायचे, चोच आणि कपाळाचं हाड तसंच ठेवायचं. मग सोमलाचा साबण: सोमल, कापूर, चुना, साबण. याचा लेप कातडीच्या आतून नीट बसला, तर किडे शंभर काय दोनशे वर्षं फिरकत नाहीत. कातडी सुलटी करून आत कापूस, छेदाला चार टाके, पायाला चिठ्ठी. धड बाजूच्या ताटलीत. त्यात जठर आहे, जठरात आजचं जेवण आहे. ते उघडून कुठल्या जातीचे शंख, किती, आणखी काय, असं कोणी बघत नाही. ताटली बाहेर जाते, कुत्रं वाट बघतच असतं.

चिठ्ठीवर काय आहे वाचा: जागा. संग्रह करणाऱ्याचं नाव. पुढं यादी करणारे एवढंच जोडतील: 1834. त्यानंतरचा एकही पक्षी कुठल्याच संग्रहालयात नाही.

आता वर्षं भराभर सोडा. 1841: आकरमानचं टिपण छापून येतं, वर्तमानकाळात लिहिलेलं वाटतं. कदाचित तेव्हा पक्षी होतेही. शतकाच्या उत्तरार्धात मॅडागास्करचे मोठाले फ्रेंच ग्रंथ निघतात, त्यात याचं सुंदर चित्र आहे आणि नवी माहिती नाही. 1896 मध्ये सगळं मॅडागास्कर फ्रेंच वसाहत होतं. 1930 च्या दशकात कोणी म्हणतं, मुख्य भूमीवरच्या आतल्या रानात हा अजून आहे. वर्तमानपत्रांतून बक्षीस जाहीर होतं. पक्षी आणून देणारा कोणी येत नाही. आज पॅरिस, लायडन, इंग्लंडमधलं ट्रिंग अशा संग्रहालयांत मिळून चौदाच्या आसपास कातडी आहेत, बस. बेटावर आता विमानतळ आहे, लवंगेचे मळे आहेत, देवमाशांच्या मोसमात हॉटेलं भरतात. मूळचं जंगल तुकड्यातुकड्यांनी उरलंय. मला विचाराल तर मुख्य भूमीवर हा पक्षी होता का, यावर मी पैज लावणार नाही. खात्रीची पिसं सगळी या एका बेटाकडे बोट दाखवतात.

तुमच्याकडे अजून अर्धा दिवस आहे आणि नियम आता लागू नाही. म्हणून सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेला मासोआलाच्या जंगलात चला, आजच्या तारखेला. मारोआनत्सेत्राहून होडीनं यावं लागतं. इथं लाल छातीचा कुआ आहे, डोळ्यांभोवती तीच निळी कातडी असलेला, जमिनीवर चालणारा. गोगलगाई फोडायच्या फंदात तो पडत नाही, त्याला झाडाखाली पडलेली फळं आणि किडे आवडतात. आणखी आत तांबड्या कपाळाचा कुआ, आणि फांद्यांवर अख्खा निळा कुआ. कुआंच्या पिल्लांनी तोंड उघडलं, की आत टाळूवर लाल-पांढऱ्या ठळक खुणा दिसतात, अंधाऱ्या घरट्यात आईबापांना घास कुठं टाकायचा ते कळावं म्हणून असेल.

उजवीकडच्या ओढ्याजवळून हाक येते. खर्जातली, एकामागून एक उतरत जाणारी. वही काढा. वेळ टाका, दिशा टाका, किती स्वर, मधे किती थांबला. तो पुन्हा ओरडतोय, आता थोडा वरून. तिसऱ्यांदाही लिहून घ्या, एकसारखी आहे का बघा. मोज्यावरची जळू नंतर काढा. गाइड मात्र घाई करतोय: वारा वाढायच्या आत होडी पाण्यात घालायला हवी, आणि पेट्रोलचे पैसे त्याला आधी हवेत.